चीक, पोहे, नारळ

दिमोना हे गाव इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात १९५५ मध्ये वसवले गेले. पुढच्या काही वर्षांत तिथे अलिबाग, पेण, रेवदंडा, पनवेल आणि मुंबईच्या इस्रायल मोहल्ल्यातली माणसे राहायला आली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, दिवेकर. या आडनावांतली बहुतेक गावे समुद्राच्या नाहीतर खाडीच्या काठची. दिमोनाला समुद्र नाही.

ही माणसे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. ते कोकणात कित्येक शतके राहिले. तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद. गावे त्यांना शनवार तेली म्हणत. इस्रायलमध्ये शनिवारी बहुतेकांचे सगळेच बंद असते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर निघायला सुरुवात झाली. साठच्या दशकात आळ्याच्या आळ्या रिकाम्या झाल्या. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, किर्यात गात, दिमोना. सामानाला वजनाची मर्यादा होती. साड्या गेल्या, पितळेची भांडी गेली, लग्नातला फोटो गेला. पाटा-वरवंटा बहुतेकांचा मागे राहिला.

इस्रायलमध्ये १९४९ पासून दहा वर्षे रेशन होते. तांदूळ दुर्मिळ होता. त्याच्या जागी गव्हाच्या पिठाचे, भाजलेले, तांदळाच्या आकाराचे दाणे बाजारात आले. त्यांचे नाव पतितीम. लोक त्यांना बेन-गुरियन तांदूळ म्हणत. कोकणातून आलेल्या बायांनी त्यावर कालवण वाढले. पतितीम अजून मिळतात. आकार बदलले, गोल झाले, ताऱ्यांचे झाले. ते लहान मुलांचे खाणे मानले जाते.

तांदळाच्या भाकरीच्या जागी पाव आला. पांढरा पाव मागितला तर तुम्ही काळाच घ्या, असे सांगितले जाते, अशा तक्रारी झाल्या. नोकऱ्यांच्या आणि घरांच्या तक्रारी त्याहून मोठ्या होत्या. काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले. १९५२ मध्ये त्यांतल्या काहींना मुंबईला परत आणले गेले. पुढे त्यांतले पुष्कळ जण पुन्हा इस्रायलला गेले. तोवर पावाची सवय झाली असावी.

तांदळाची भाकरी थापणाऱ्या बाया होत्या. उकड काढून, पाण्याचा हात लावून, परातीत थापत. तांदळाचे पीठ आज दुकानात मिळते. ते ग्लुटेन न चालणाऱ्यांच्या फळीवर असते.

बांगडा, पापलेट, रावस, सुरमई, बोय. ज्यू आहारनियमांत खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या कोकणातही त्यांच्या घरात शिजल्या नाहीत. शेजारच्या घरांत शिजत. वास यायचा.

इस्रायलमध्ये तळ्यांत कार्प पाळतात. कार्प गोड्या पाण्याचा, काट्यांचा आणि चिखलाच्या वासाचा. पोलंडमधून आलेले लोक त्याचे गोडसर गोळे करतात. दिमोनाच्या बायांनी कार्पला हळद-मीठ चोळले, आले-लसूण लावला आणि तळला. नंतर गोठवलेला मासा आला. तो कुठल्या समुद्रातला, ते पाकिटावर लिहिलेले असते. टोपलीवाल्या कोळणीशी घासाघीस करण्याचा प्रश्न मिटला.

कोथिंबिरीची अडचण कधीच पडली नाही. येमेनच्या आणि मोरोक्कोच्या ज्यू घरांत ती रोज लागते. हिरवी मिरचीही मिळाली. चिंच अरबी बाजारात सरबतासाठी विकत. आमसूल मात्र नव्हते. ते मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीतून यायचे, वर्तमानपत्रात बांधून. कागदावर काळसर डाग पडलेला असायचा. आमसुलाचे सार करणारी घरे थोडी उरली आहेत. तिथेही ते आजारी माणसासाठी करतात.

नारळ नव्हता. हे सगळ्यांत जड गेले. मांसाबरोबर दूध चालत नाही. दही नाही, साय नाही, तूपही नाही. कोकणात त्याची कधी अडचण वाटली नाही, कारण दारात माड होता. मटणाला नारळाचे दूध, माशाला नारळाचे दूध, वर गोडालाही नारळाचेच दूध. जेवण कुठलेही असो, शेवटी खीर खाता यायची.

दिमोनात पहिली बरीच वर्षे नारळ म्हणजे पाकिटातला कोरडा कीस. तो कोमट पाण्यात भिजवायचा, फडक्यात घालून पिळायचा. पातळ, करड्या रंगाचे दूध निघे. पुढे थायलंडचे डबे आले. डबा उघडला की दूध तयार. दाट, पातळ, दुसरे पाणी, तिसरे पाणी हा हिशेब संपला. ज्या घरांत विळी नेली होती तिथे ती ओट्याखाली गेली. विळीवर बसायला जमीन लागते. नव्या घरांत स्वयंपाक उभ्याने होतो.

नवियाचा सण म्हणजे नवे वर्ष, रोश हशाना. त्या दिवसाचा पदार्थ चिकाचा हलवा.

गहू तीन दिवस भिजत घालायचे. पाणी रोज बदलायचे. मग वाटायचे, फडक्यातून पिळायचे, चोथा बाजूला काढायचा. दुधासारखे पाणी रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी वरचे पाणी अलगद ओतून दिले की तळाला पांढरा चीक उरतो. चीक, नारळाचे दूध, साखर, चिमूटभर मीठ जाड बुडाच्या पातेल्यात घालायचे. मग ढवळणे. सुरुवातीला हात सहज फिरतो. नंतर मिश्रण आवळते, उलथने जड होते, बुडबुडे फुटून मनगटावर उडतात. दोन तास, कधी तीन. हात थांबला की तळाला लागते. म्हणून एकटी बाई हलवा करत नसे. सासू-सून, जावा-जावा, नाहीतर शेजारीण. एकीने सोडले की दुसरीने धरायचे. मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागले की वेलची आणि जायफळ. थाळ्यांत ओतायचे, वर बदाम-चारोळी दाबायची. गार झाला की शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. पहिल्या थाळ्या आळीत वाटायच्या. त्या हिंदूंच्या घरी जात, मुसलमानांच्या घरी जात. त्यांच्या सणाला तिकडून फराळ येई.

दिमोनात शेजारी मोरोक्कोचे होते. त्यांनी वडी चाखली, चांगली आहे म्हणाले, आणि मधात बुडवलेली त्यांची मिठाई दिली.

हलवा अजून होतो. कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास घालतात. अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. एकटीला जमतो. चव तीच आहे, असे करणाऱ्या सांगतात. दाताखाली फरक कळतो. चिकाचा हलवा किंचित चिवट असतो, हा सुरीला न चिकटता कापला जातो. गव्हाचा चीक काढणाऱ्या बाया सत्तरीच्या पुढच्या आहेत. नाव मात्र चिकाचा हलवा हेच राहिले आहे.

शुक्रवारी संध्याकाळी किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, द्राक्षारस लागतो. कोकणात तो कुठून आणायचा? काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजवत, हाताने कुस्करत, गाळून घेत. त्या सरबतावर आशीर्वाद म्हणत. पेल्यात तळाला गाळ राही, आणि तो मुलांना मिळे. इस्रायलमध्ये द्राक्षारसाच्या बाटल्या प्रत्येक दुकानात आहेत. दर शुक्रवारी मनुका भिजत नाहीत.

वल्हांडणाच्या सणात आंबवलेले चालत नाही. पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासह एक हग्गादा, वल्हांडणाला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यात बिनखमिराची भाकर करतानाचे चित्र आहे. बाया साड्या नेसून खाली बसल्या आहेत. एक मळते आहे, एक लाटते आहे. आता ती भाकर, म्हणजे मात्सा, खोक्यात मिळते. चौकोनी, यंत्राची, भोके पाडलेली.

कोकणात याच सणाला अनाशी ढाकाचा सण म्हणत. अनाशी म्हणजे आंबट पाण्याचे भांडे. ते पाणी तोंडीलावण्याला वापरत. सणाचे आठ दिवस भांडे झाकून ठेवायचे, मग उघडायचे. ते भांडे इस्रायलला गेले नाही. अलिबागेतही कोणी ठेवत नाही.

डबीतल्या बांधणी हिंगात गव्हाचे पीठ असते. त्यामुळे वल्हांडणाच्या आधी घर साफ करताना हिंगाची डबीही बाहेर जाते. हे लेबल वाचायला लागल्यापासूनचे आहे. डबी बऱ्याच घरांत परत आली नाही. वाटाण्याच्या उसळीला हिंग नसला तरी कोणी विचारत नाही.

होळीचा सण म्हणजे पुरीम. अदार महिन्याची चौदावी आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुतेक वेळा जवळजवळ येतात. त्या दिवशी कोकणात पुरणपोळी होई. चण्याची डाळ, गूळ, जायफळ. कटाची आमटी शेजारच्या घरांसारखीच. इस्रायलमध्ये पुरीमला त्रिकोणी बिस्किटे असतात, आत खसखस नाहीतर खजूर. शाळेत मुले सोंगे घेतात आणि डब्यात ती बिस्किटे नेतात. पुरणयंत्र काही घरांच्या माळ्यावर होते. त्याचा बटाटे कुस्करायला उपयोग होतो, असे एकदा कळल्यावर ते खाली आले.

बिरड्याचा सण आव महिन्याच्या नवव्या दिवशी येई. यरुशलेमचे मंदिर पडले त्याच्या दुखवट्याचा उपास. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. घरातली पोरेबाळे परातीभोवती बसत. साल निघून दाणा बोटांतून सटकून जमिनीवर पडला की हसू होई, आणि मोठी माणसे दटावत, आज हसायचे नाही. दिमोनाला कडवे वाल नाहीत. सोललेला हिरवा बाकला गोठवलेल्या पाकिटात मिळतो. त्याचे कालवण होते. कडवटपणा नसतो.

तांदळाचे सांदण ताडी घालून आंबवत. ताडी गेली, यीस्ट आले. यीस्टचे सांदण जास्त फुगते.

मलिदा टिकला आहे. नवस फेडताना, बारशाला, लग्नाच्या मेंदीला, नव्या घरात, मुलगा सैन्यात जाण्याआधी. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, मनुका, बदाम. ताटात मधोमध ढीग, भोवती पाच फळे, गुलाबाची फुले. एलियाहू हानावीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, नाव घेऊन प्रार्थना म्हणतात. प्रत्येक फळाचा आशीर्वाद वेगळा, वासाचाही वेगळा. फुले हुंगून पुढे द्यायची.

पहिल्या वर्षांत पोहे मुंबईहून येत. एक किलो पोहे चार घरांना पुरवत. ज्या घरी पोहे आहेत त्या घरी मलिदा ठरे. साठवणीतले पोहे कधी खवट लागत, तरी ताट भरले जाई. आता रामल्याच्या, दिमोनाच्या, अश्दोदच्या दुकानांत जाडे पोहे, पातळ पोहे, दोन-तीन छापांचे मिळतात. मलिद्याची ताटे समारंभांना बाहेरून येतात. फळे कापून पारदर्शक झाकणाखाली मांडलेली असतात. पोहे एका बाजूला, छोट्या वाटीत. नातवंडे केळे घेतात, खजूर घेतात. पोह्यांची वाटी बऱ्याच वेळा भरलेली परत जाते.

अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहू हानावीच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या मानतात. शवात महिन्याच्या पौर्णिमेला तिथे माणसे जमत आणि मलिदा करत. तीच माणसे इस्रायलला गेल्यावर त्याच दिवशी हैफाला कार्मेल डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेत जाऊ लागली. बसगाड्या निघत. बाया डबे घेऊन बसत. बसमध्ये मराठी चाले. डोंगर चढवत नाही असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

दिमोनात ऊन भरपूर आहे. पाऊस नावाला. गच्च्या सपाट आहेत. पापड, सांडगे, कुरडया, मिरगुंडे यांना याहून चांगली जागा सापडायची नाही. कोकणात पावसाच्या आत सगळे उरकावे लागे, इथे ती घाई नाही. गच्चीवर सौर पाणी-तापवण्या आहेत आणि वाळत घातलेले गणवेश आहेत. पापड दुकानातले, लिज्जतचे.

इस्रायलमध्ये फलाफलच्या प्रत्येक गाडीवर एक पिवळी आंबट चटणी असते. तिला अंबा म्हणतात. कच्चा आंबा, हळद, मेथी. ती बगदादच्या ज्यूंनी मुंबईच्या व्यापारातून उचलली आणि बगदादमार्गे तिथे आली. कोकणातून आलेल्यांच्या बरणीतले लोणचे निराळे होते. मोहरी फेसलेली, फोडी मोठ्या, तेल वर आलेले. गाडीवरची अंबा सगळ्या देशाची झाली. बरणीतले लोणचे बरणीतच राहिले.

हापूस नाही. इस्रायलचा आंबा वेगळ्या जातींचा, लालसर, मोठा, घट्ट. तो जुलैच्या सुमारास येतो. कोकणात तोवर आढी संपलेली असते.

सैन्यातली नोकरी झाली की इस्रायलची तरुण मुले हिंदुस्थान पाहायला निघतात. मनाली, धर्मकोट, पुष्कर, गोवा. परत येतात तेव्हा त्यांना थाळी हवी असते, मसाला चहा हवा असतो, नान हवा असतो. तेल अवीवमधली भारतीय हॉटेले हे सगळे देतात. तिथे चिकाचा हलवा नाही. मागितला तर पंजाबी गाजर हलवा येईल. हलवा म्हटल्यावर तिळाचा येण्याचीही शक्यता आहे, तो तिथला.

भारतीय सामानाच्या दुकानांत केरळच्या बाया दिसतात. त्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला तिथे गेलेल्या आहेत. खोबरेल, मट्टा तांदूळ, कढीपत्ता असे त्यांचे सामान असते. म्हातारी मराठी बोलणारी असली तर दोघींच्या मधली भाषा हिब्रू. नारळाचे दूध घातलेले माशाचे कालवण मात्र दोघींनाही समजते. अशी म्हातारी केरळचे कालवण जेवते. आमसुलाऐवजी कुडमपुळी असते. ती चालते.

कापडाच्या गिरण्यांनी दिमोनातल्या पुष्कळ घरांना पगार दिला. गिरण्यांचे दिवस संपले. पाळीवरून येणाऱ्यासाठी रात्री झाकून ठेवलेला भात आणि तळलेला तुकडा हेही त्यांच्याबरोबर संपले.

काही घरांत कृतींच्या वह्या आहेत. मराठीत, शाईने. प्रमाण वाटीने, मुठीने, काही ठिकाणी पैशाने दिलेले: चार आण्यांची वेलची. किती वेळ शिजवायचे ते लिहिलेले नाही. लिहिलेले आहे, होईपर्यंत. नातीला मराठी समजते, बोलता येते थोडे, वाचता येत नाही. ती वहीचे फोटो काढून मावशीला पाठवते. मावशी वाचून हिब्रूत पाठवते. चार आण्यांच्या जागी एक चमचा.

‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक इस्रायलमध्ये निघते. एक मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो. तिथे भजी असतात, बटाटेवडे असतात, लावणी असते. वडे कंत्राटदार पुरवतो.

अलिबागेत इस्रायल आळी आहे. नाव आहे, सिनेगॉग आहे, राहणारी कुटुंबे थोडी आहेत. पनवेलचे सिनेगॉग १८४९ चे, तेही उभे आहे. इस्रायलहून पाहुणे येतात तेव्हा एखाद्या घरी जेवण होते. पाहुणे भाकरीचे फोटो काढतात. करणाऱ्या बाईला विचारतात, हे तुम्ही रोज करता का. रोज पोळ्या असतात, त्याही दुसरी बाई आणून देते.

सणांतला खिरीचा सण सगळ्यांत आधी गेला. तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी तो येई. नव्या तांदळाची खीर, नारळाचे दूध, गूळ. इतर ज्यूंकडे हा सण नाही. त्यांच्याकडे आदल्या दिवशी, तिसऱ्या तारखेला, गदल्याचा उपास असतो. धर्मशिक्षक आले, पंचांग सुधारले गेले, तेव्हा मुंबईतच खीर मागे पडू लागली होती. इस्रायलमध्ये तिला जागा उरली नाही.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये बेने इस्रायलांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापून निघाला. त्यात या सणांची नावे आहेत, तारखा आहेत, कोणत्या दिवशी काय खात ते आहे. खिरीच्या सणाची तारीख विचारणाऱ्याला ते पुस्तक काढून बघावे लागते.